कोरड्या डोंगरावरची गाडगी

एका राज्यात उत्पला नावाची राणी होती. राज्याला सात डोंगरांचं कुंपण, मधून एक नदी, नदीकाठी राजधानी. राजाचं नाव मणिभद्र. राजा मोठा कामाचा माणूस, त्याला स्वस्थ बसणं ठाऊक नसे. सकाळी घोड्यावर, दुपारी बांधावर, दिवेलागणीला सदरेवर. राणीही त्याला साजेशी. गावागावांतले पाण्याचे तंटे ती सोडवी. भांडत आलेल्या दोन गावांना आधी एका पंक्तीला जेवायला बसवी, मग बोलायला लावी. तिच्या पंक्तीतून उठलेला माणूस शेजाऱ्याच्या बैलगाडीत बसून घरी जाई.

एका मार्गशीर्षात राणी सकाळी उठली आणि तिला काहीच वाटेना.

दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. अंगात ताप नव्हता. कुणी गेलं नव्हतं, काही हरवलं नव्हतं. खिडकीतून रोजचं ऊन आत आलं होतं, पण ते तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. दासीने केस विंचरले, ते दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. पंक्तीत गोडाचं ताट आलं, तिने खाल्लं, ते भुश्यासारखं लागलं. तिला वाटलं, उद्या बरं वाटेल. उद्याही तसंच गेलं. परवाही तसंच.

पौष सरला तशी राणी सदरेवर यायची बंद झाली. राजाने ओळखलं की काहीतरी बिनसलंय, आणि त्याला जमत होतं ते सगळं त्याने केलं. राजवैद्याचे काढे झाले. परमुलखातून बहुरूपी आले, त्यांनी माकडाचं सोंग आणलं, मुनीमाचं सोंग आणलं, खुद्द राजाचं सोंग आणलं. दरबार लोटपोट झाला. दोन पांढरे हत्ती आले. मोराच्या गळ्याच्या रंगाचं लुगडं आलं. प्रत्येक वेळी राजा विचारी, आता बरं वाटतंय का, आणि प्रत्येक वेळी राणी हसून म्हणे, बरं वाटतंय. हसणं सोपं होतं, तेवढं ओठांचं काम होतं. मग राजा निघून गेला की ती तशीच बसून राही. लोक म्हणत, राणीला काय कमी आहे? राणीही स्वतःला तेच विचारी आणि लाजेने आणखी आत आत जाई.

वाड्यामागे बकुळीचं झाड होतं. ती त्याच्या पारावर सकाळपासून बसू लागली. त्या राज्यात पक्षी बोलत, पण जो अगदी स्थिर बसेल त्याच्याशीच बोलत, म्हणून पुष्कळांना हे आयुष्यभर कळत नसे. एकविसाव्या दिवशी एक भारद्वाज खाली उतरला. तांब्याच्या रंगाचे पंख, गुंजेसारखे लाल डोळे. तो राणीसमोर दोन पावलं चालला आणि बोलला.

"राणी, तुझी ओल गेली आहे."

राणी म्हणाली, "कसली ओल?"

भारद्वाजाने सांगितलं ते असं. पश्चिमेच्या कोरड्या डोंगरावर अर्कनाभ नावाचा मांत्रिक राहतो. त्याला तीनशे वर्षं झाली. माणसाच्या मनाची ओल तो लांबूनच ओढून घेतो, गाडग्यात भरून ठेवतो आणि घोट घोट पिऊन जगतो. दरसाल एखाद-दुसरं माणूस त्याच्या फेऱ्यात सापडतं. लोक त्या माणसाला आळशी म्हणतात, कुणी मानी म्हणतात. यंदा राणीची पाळी आली.

"मीच का?" राणीने विचारलं. "माझं काय चुकलं?"

"काही नाही. त्या पहाटे वारा तुझ्या खिडकीवरून डोंगराकडे वाहत होता."

हे ऐकून राणीला बरं वाटलं नाही, कारण बरं वाटायची जागाच ओस पडली होती. पण तिचे वर ओढलेले खांदे जरासे खाली आले. तिने विचारलं, यावर उपाय आहे का. भारद्वाज म्हणाला, तीन कामं आहेत. एक झाल्याशिवाय दुसरं सांगायची रीत नाही.

पहिलं काम असं. नदीपल्याड माळावर गुरांना पाणी पाजायची एक दगडी डोण होती. आकार एखाद्या होडीएवढा, पण कधीची कोरडी. राणीने सात दिवस रोज नदीवरून पाणी आणून ती डोण भरायची. दासी नको, बैल नको, आपल्या हाताने.

राणी म्हणाली, "माझं कशात मन लागत नाही."

भारद्वाज म्हणाला, "मन लागावं अशी अट नाही. पाय चालले की पुरे."

दुसऱ्या दिवशी राणी कळशी घेऊन निघाली. चाळीस खेपांत डोण भरली. माळावरच्या गाई आल्या, प्यायल्या, निघून गेल्या. राणीने पाहिलं आणि तिला काही वाटलं नाही. तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी सकाळी तिला अंथरुणातून उठवेना. भिंतीकडे तोंड करून ती पडून राहिली. मनात म्हणाली, एवढंसं काम, तेही माझ्याने होत नाही. ऊन माथ्यावर आलं तेव्हा भारद्वाज खिडकीत येऊन बसला.

राणी न वळताच म्हणाली, "दिवस मोडला."

"चौथा दिवस अजून मावळलेला नाही," भारद्वाज म्हणाला.

राणीने भिंतीकडचं तोंड वळवलं. मग उठली, पदर खोचला आणि गेली. मावळतीपर्यंत अर्धीच डोण भरली. तिने भारद्वाजाकडे पाहिलं. तो म्हणाला, गाई अर्ध्या डोणीतूनही पितात. आणि खरोखरच प्यायल्या. पुढचे तीन दिवस ती रोज उजाडता गेली. सातव्या दिवशी तिच्या मनात काही बदल झाला नव्हता. पण खांदा दुखत होता, तळव्यांना घट्टे पडले होते, आणि त्या दिवशी जेवणानंतर तिला गाढ झोप लागली. मार्गशीर्षापासून अशी लागली नव्हती.

मग भारद्वाजाने दुसरं काम सांगितलं. ज्याच्यापासून तू हे सगळ्यांत जास्त लपवलंस, त्याला जाऊन सांग. गोड करून नको, कमी करून नको.

पहिल्यापेक्षा हे काम अवघड निघालं. राणी तडक राजाकडे गेली. राजाने विचारलं, काय गं, बरी आहेस ना? तिच्या तोंडून निघालं, बरी आहे. दुसऱ्या खेपेला ती शब्द जुळवून गेली, तर राजा तिच्यासाठी मागवलेल्या वीणावादकाची वाट पाहत उभा. त्याच्या चेहऱ्यावरची आशा पाहून ती पुन्हा बरी आहे म्हणाली आणि परत आली. तिसऱ्या खेपेला राजा हत्तीखान्याच्या पायरीवर एकटाच उभा होता. सदरेवर परमुलखाचा वकील खोळंबला होता, राजा निघायच्या घाईत होता. राणीने त्याची वाट अडवली.

"महाराज, मी बरी नाही. मी आतून रिकामी आहे. आपण आणलेलं काहीही आत पोचत नाही. आपल्यावर राग नाही. पण आपल्यावरची मायाही मला सापडत नाही. हे सांगायची लाज वाटली म्हणून इतके दिवस हसत होते."

राजाने तोंड उघडलं. तो वैद्याचं नाव घेणार होता. राणीच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने ते मिटलं. तो पायरीवर बसला.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"मार्गशीर्षापासून."

"म्हणजे बहुरूप्यांच्या वेळी तू हसलीस..."

"ते मी केलं, महाराज. आलं नव्हतं."

 ज्या माणसाने नदीला बांध घातला, दोन लढाया जिंकल्या, त्याचे हात मांडीवर पडून होते आणि त्यांना काही काम नव्हतं. शेवटी त्याने विचारलं, "मी काय करू?"

"आज काही करू नका. बसा."

राजा बसला. बसायची सवय नसल्यामुळे त्याचा पाय हलत होता. थोड्या वेळाने तोही थांबला. वकिलाचे दोन निरोप आले, राजाने दोन्ही परत पाठवले. राणी शेजारी बसली होती. तिला माया सापडली नाही, पण एकटीने उचललेली पाटी दुसऱ्याने एका बाजूने धरावी तसं झालं. सावली पायरीवरून उतरून अंगणात गेली, तरी दोघं तिथेच होती.

भारद्वाजाने मग तिसरं काम सांगितलं. कोरड्या डोंगरावर जा आणि तुझं गाडगं घेऊन ये. तुझं सोडून दुसऱ्या कशाला ओठ लावू नको. राणीने हे राजाला सांगितलं, तशी त्याने तलवार मागवली. भारद्वाज म्हणाला, राजाने पायथ्यापर्यंतच जावं, वर एकट्या राणीने. तलवारीचा तिथे उपयोग नाही. राजाला हे रुचलं नाही, पण त्याने ऐकलं.

पाच दिवस चालून ती दोघं डोंगरापाशी पोचली. डोंगर असा की गवताची काडी नाही. दगडांवरून हात फिरवला तर पीठ हाताला लागे. राजाने पायथ्याशी राहुटी ठोकली. राणी सकाळी चढू लागली आणि पहिल्या प्रहरातच गुहेच्या तोंडाशी आली.

तिला वाटलं होतं, मांत्रिक अक्राळविक्राळ असेल. आत एक म्हातारा बसला होता, वेलीवरच वाळून गेलेल्या दोडक्यासारखा. त्याने उठून नमस्कार केला, बसायला चटई दिली. त्याच्यामागे गुहेत रांगाच रांगा होत्या. शेकडो गाडगी, सगळी एकसारखी, तोंडाला फडकं बांधलेली.

"मी माझं गाडगं न्यायला आले आहे," राणी म्हणाली.

"पुष्कळ आले," अर्कनाभ म्हणाला. "शोध. प्रत्येकावर हात ठेव. तुझं असेल ते तुला कळेल. बहुतेकांना कळत नाही, कारण ज्याने कळायचं तेच गाडग्यात असतं."

राणीने पहिल्या गाडग्यावर हात ठेवला. काही नाही. दुसऱ्यावर ठेवला. काही नाही. शंभर झाली, दोनशे झाली. अर्कनाभाला तिची दया आली की कंटाळा आला कोण जाणे, त्याने एक गाडगं पुढे केलं. ते एका नर्तकीचं होतं. तो म्हणाला, तिच्यासारखं हसणारं कुणी झालं नाही. हे पी, तुझं माझ्यापाशी राहू दे. आजच हसत घरी जाशील, आणि कुणाला कळणारही नाही.

राणीने गाडगं हातात घेतलं. आतून पैंजणांसारखा आवाज येत होता. तिला मोह पडला नाही असं नाही. इतकं थकल्यावर कुणालाही पडला असता.

"महाराजांनाही कळणार नाही?" तिने विचारलं.

"त्यांनाही नाही."

राणीने गाडगं खाली ठेवलं. ती म्हणाली, "त्यांना मी एकदा खरं सांगितलं आहे. आता उसनं हसू घेऊन गेले, तर ते सगळं पुसलं जाईल."

दिवस कलता ती खाली आली. राजाने काही विचारलं नाही. त्याने स्वतः भाजलेली भाकरी पुढे ठेवली, एका बाजूने करपलेली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वर गेली. त्या दिवशीही काही हाती लागलं नाही, नुसता तळहात बधिर झाला. तिसऱ्या दिवशी चढताना तिच्या टाचेला दगड लागला. दुपार झाली. ती नवव्या रांगेत होती, आणि आता ती मोजदाद सोडून नुसता हात ठेवत चालली होती.

एका गाडग्यावर तिने हात ठेवला आणि तिला राग आला.

ती नऊ वर्षांची होती. पाखरी नावाची तिची घोडी होती, कपाळावर पांढरा टिळा. एक पाहुणा आला, त्याला घोडी आवडली, वडिलांनी ती देऊन टाकली. उत्पलेला विचारलं नाही. ती रडू लागली तर आई म्हणाली, राजाच्या मुलीने पाहुण्यांसमोर असं तोंड करू नये. तिने तोंड नीट केलं होतं. सव्वीस वर्षं झाली त्याला.

"ती घोडी माझी होती," राणी म्हणाली. तिचा आवाज गुहेत घुमला. तिने जमिनीवर मूठ आपटली. नाकाचा शेंडा लाल झाला, कान तापले. "मला विचारायला हवं होतं. एकदा तरी विचारायला हवं होतं."

अर्कनाभ जवळ येऊन पाहू लागला. "तुला आनंद होतो आहे का?" त्याने विचारलं.

"नाही. राग येतो आहे. पण माझा आहे."

तिने फडकं सोडलं आणि गाडगं तोंडाला लावलं. पाणी खारट होतं. रागामागून रडू आलं, आणि रडण्यामागून सगळंच येऊ लागलं. आई गेली तो दिवस आला. लग्नात मणिभद्राचा फेटा सुटून होमात पडता पडता वाचला, ते आठवून ती रडता रडताच हसली. टाच ठणकू लागली. भूक लागली. अंगणात वाळत घातलेल्या धान्यावर चिमण्यांचा थवा उतरावा, तसं सगळं एकदम उतरलं आणि तिला कशाकशाला जागा द्यावी कळेना.

जरा शांत झाल्यावर ती उठली. आता तिला कुणी अडवणारं नव्हतं. दारातून खालची राहुटी दिसत होती. पण तिचं लक्ष म्हाताऱ्याच्या हातांकडे गेलं. ते रिकाम्या गाडग्यावरून फिरत होते, भुकेल्या माणसाचे फिरतात तसे.

"तुमचं गाडगं कुठलं?" तिने विचारलं.

हा प्रश्न तीनशे वर्षांत कुणी केला नव्हता. अर्कनाभ खाली बसला. त्याने सांगितलं की सगळ्यांत आधी त्याने स्वतःचंच भरलं. बायको तापाने गेली होती. ते दुःख सोसवेना, म्हणून मंत्र शोधून काढला आणि ओल उपसून ठेवली. दुखायचं थांबलं. मग आत इतकं पोकळ झालं की राहवेना, म्हणून लोकांचं प्यायला लागला. पितो, तेवढ्यापुरतं जिवंत वाटतं, पुन्हा कोरड पडते.

"तुम्ही तुमचं शोधलं नाही?"

"शोधलं तर सापडेल," तो म्हणाला. "सापडलं तर ती पुन्हा मरेल."

राणीला त्याचा राग आला होता, आणि आता त्याच्याबद्दल वाईटही वाटलं. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं. ती चटईवर बसली. म्हणाली, "पहिली रांग भिंतीकडची असेल. हात ठेवत चला. मी इथे आहे."

अर्कनाभ गुडघ्यांवर सरकत गेला. भिंतीकडच्या कोपऱ्यात धुळीचा थर होता. त्याचा हात एकेका गाडग्यावरून सरकला आणि एका ठिकाणी थांबला. तिथून तो हात काढेना, फडकंही सोडेना. राणी जागची हलली नाही. बऱ्याच वेळाने त्याने फडकं सोडलं.

तो पाणी प्याला आणि त्याने बायकोचं नाव उच्चारलं. "मृगा," तो म्हणाला. मग लहान मूल रडतं तसा रडला. त्याचे अश्रू जिथे पडले तिथलं गाडगं तडकलं. मग शेजारचं, मग रांगच्या रांग. पाणी गुहेबाहेर धावलं आणि कोरड्या डोंगरावरून खाली पहिला ओढा निघाला. अर्कनाभाचा चेहरा निवळत गेला. त्याची तीनशे वर्षं एका घटकेत त्याला भेटली. राणीच्या हातात हात देऊन तो आडवा झाला आणि पुन्हा उठला नाही. तिने त्याचे डोळे मिटले.

त्याच प्रहरी राज्यात ठिकठिकाणी गोष्टी घडल्या. एका सोनाराची सून हातातला झाडू टाकून मोठ्याने रडली, मग उठून न्हायली. एका म्हाताऱ्याने चार वर्षांनी गूळ मागितला. एका शिपायाने बहिणीच्या गावची वाट धरली. ज्यांची गाडगी होती पण जी माणसं उरली नव्हती, त्यांचं पाणी डोंगरात मुरलं आणि पुढे तिथे गवत आलं.

राणी खाली उतरली तेव्हा राजा तीन दिवसांच्या उन्हाने काळा पडला होता. डोक्यावर फेटा नव्हता. तिने आल्या आल्या त्याला झापलं. एवढ्या उन्हात उघड्या डोक्याने बसतात का, वय काय झालं, अक्कल नाही का. राजा ऐकत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, आणखी बोल.

राणी सदरेवर येऊ लागली. सगळं पहिल्यासारखं झालं असं मात्र नाही. कधी एखादी सकाळ तिला जड जाई, मांत्रिक नसतानाही. तेव्हा ती राजाला तसं सांगे. राजाही आता चांगला घटकाभर बसायला शिकला होता.

पुढे कधीतरी एका विणकराने आपल्या बायकोला सदरेवर आणलं. म्हणाला, महाराणी, घरात काही कमी नाही, तरी ही मागासमोर नुसती बसून राहते, धागा ओढत नाही. आपण हिला चार शब्द सांगा. बाई मान खाली घालून उभी होती. राणी सिंहासनावरून उतरली. तिने विणकराला बाहेर सावलीत बसायला सांगितलं आणि मुदपाकखान्यातून पावट्याच्या शेंगांची टोपली मागवली. दोघी जमिनीवर समोरासमोर बसल्या आणि शेंगा सोलू लागल्या. राणीने काही सांगितलं नाही, काही विचारलं नाही. टोपली अर्धी झाली. सदरेवरची माणसं एकेक करून उठून गेली.

मग ती बाई हळूच म्हणाली, "महाराणी, मला काहीच वाटत नाही हो."

राणीने हातातली शेंग खाली ठेवली आणि म्हणाली, "सांग."

उत्पला राणीला जसं ऐकणारं माणूस मिळालं, तसं ज्याच्या त्याच्या दारी मिळो. ही कहाणी इथे पुरी झाली.